रेस्टॉरंटमध्ये वाइन पुन्हा खराबच निघते: दोष कसा ओळखायचा, बाटली कशी बदलून घ्यायची

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाने जाते. बाटली उघडतात, चव बघायला थोडी ओततात, काहीतरी खटकतं, पण चारचौघांत नखरे कशाला म्हणून मान हलवली जाते. दुसऱ्या ग्लासाला खात्री पटते. तोवर बाटली अर्धी झालेली असते आणि कॅप्टनचं उत्तर तयार असतं, "सर, आधी सांगायला हवं होतं." कधी याच्या उलट घडतं. बाटली लगेच बदलून मिळते आणि दुसरीही तशीच निघते. मग तिसरी मागायची लाज वाटते आणि बिअर मागवली जाते.

या दुसऱ्या प्रसंगातच खरी गोम आहे. वाइनचे काही दोष त्या एका बाटलीपुरते असतात, काही अख्ख्या पेटीचे. बुचामुळे येणारा कुबट वास पहिल्या प्रकारचा. त्याच वाइनची दुसरी बाटली मागवली तर ती बहुधा स्वच्छ निघते. उकाड्यात शिजलेली वाइन दुसऱ्या प्रकारची. पेटीतल्या बाराही बाटल्या एकाच टेम्पोतून आल्या, एकाच माळ्यावर राहिल्या. तिथे "हीच दुसरी आणा" म्हटलं की तोच दोष नव्या बाटलीतून टेबलावर येतो. म्हणून "चव बरी नाही" एवढं सांगून भागत नाही. काय बिघडलंय ते ओळखावं लागतं, आणि तेही पहिल्या ३०-४० मिलीलिटरमध्येच.

युरोपातल्या माहितीत पहिला मान बुचाच्या दोषाला मिळतो. महाराष्ट्र-गोव्यातल्या टेबलावर मात्र पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. नाशिककडच्या बऱ्याच बाटल्यांना आता स्क्रू कॅप असते, म्हणजे बुचाचा प्रश्न तिथे जवळपास मिटला. एप्रिल-मेमध्ये बंद टेम्पोत, गोदामात आणि बारच्या मागच्या दिवे लावलेल्या शोभेच्या फळीवर काय होतं, तो प्रश्न तसाच आहे.

बाटली उघडायच्या आधी

बाटली टेबलावर आणून दाखवतात ती शोभेसाठी नव्हे. लेबलावर तीन गोष्टी वाचा: उत्पादक, द्राक्षाची जात, साल. मेनूत एक साल आणि बाटलीवर दुसरं, हे नेहमीचं आहे. साल महत्त्वाचं का, तर आपल्याकडची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात आणि त्यांची साधी पांढरी वाइन किंवा रोझे (गुलाबी वाइन) वर्ष-दोन वर्षांत प्यायची असते. चार-पाच वर्षांपूर्वीची शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां कोणी आणून दाखवली, तर ती जुनी म्हणून चांगली झालेली नाही, फक्त पडून राहिलेली आहे. हे उघडायच्या आधी बोललं तर कोणाचंच नुकसान नाही. "याच्यापेक्षा अलीकडच्या सालाची आहे का?" एवढं पुरे.

मग बाटलीला हात लावा. रेड वाइनची बाटली हाताला कोमट लागली तर ती बारच्या तापमानाला, म्हणजे २८-३० अंशांना ठेवलेली आहे. आज तेवढीच आहे, पण मे महिन्यात किती होती याचा अंदाज येतो.

बूच असलेली बाटली असेल तर तोंडावरचं आवरण बोटांनी फिरवून बघा. सैल फिरलं तर ठीक. चिकटून बसलं असेल, कडेला वाळलेले ओघळ दिसत असतील किंवा आवरण काढल्यावर बूच काचेच्या कडेपेक्षा किंचित वर आलेलं असेल, तर वाइन तापली असल्याचा संशय घ्यावा. कारण सरळ आहे. द्रव तापला की फुगतो, आतली हवा दाबली जाते, बूच वर सरकतं आणि थोडी वाइन कडेने झिरपते. रात्री गारवा आला की द्रव आकसतो आणि त्याच वाटेने बाहेरची हवा आत ओढली जाते. असं महिनाभर चाललं की वाइन शिजतेही आणि हवेने उतरतेही. स्क्रू कॅपच्या बाटलीत बूच वर आलेलं दिसणार नाही, पण टोपीच्या खालच्या कडेला चिकटपणा लागतो का ते बघता येतं.

पातळीही बघावी. अलीकडच्या सालाच्या वाइनची पातळी बाटलीच्या मानेत, बुचाच्या जरा खाली असायला हवी. खांद्यापर्यंत उतरली असेल तर गळती झाली आहे.

बाटली टेबलावरच, तुमच्यासमोर उघडली गेली पाहिजे. आतून उघडून आणली असेल तर शांतपणे नाही म्हणा आणि बंद बाटली मागा. फुटलेल्या सीलच्या बाटलीत काय भरलंय हे वास घेऊन ठरवायचा विषय नव्हे.

आधी रिकाम्या ग्लासाचा वास

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. वाइन ओतायच्या आधी रिकामा ग्लास नाकाशी धरा. लाकडी कपाटात उपडे ठेवलेले ग्लास कपाटाचा कोंदट वास धरून ठेवतात. ओल्या फडक्याने पुसलेल्या ग्लासाला फडक्याचा वास येतो, नीट न विसळलेल्याला साबणाचा. हेच वास पुढे वाइनच्या नावावर खपतात. बुचाचा दोष म्हणून परत पाठवलेल्या काही बाटल्या प्रत्यक्षात ठणठणीत असतात, ग्लास मात्र कुबट असतो. संशय आला तर ग्लास बदलून मागा, त्यात चमचाभर वाइन घालून फिरवून ती टाकून द्या आणि मगच तपासणीची वाइन घ्या.

पहिला घोट

३० ते ४० मिलीलिटर पुरे. ग्लास टेबलावरच ठेवून चार-पाच वेळा गोल फिरवा आणि एक लांब वास घ्या. सतत हुंगत राहू नका. कुबट वासाला नाक फार लवकर सरावतं, पहिला वास सर्वांत खरा. मग छोटा घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. काही दोष गिळल्यानंतरच कळतात.

पांढरी वाइन फ्रीजमधून थेट आली असेल, म्हणजे ४-६ अंशांवर, तर ती जवळजवळ मुकी असते. गारठ्यात सुगंध दबतात तसे दोषही दबतात. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून दोन-तीन मिनिटं ऊब द्या आणि परत वास घ्या. पांढऱ्या वाइनचा दोष दुसऱ्या ग्लासाला कळतो तो बहुधा यामुळेच. तसं झालं तर उशीर झाला म्हणून गप्प बसू नका. "गार असताना कळलं नाही, आता वास येतोय" हे कारण खरं आहे आणि जाणत्या कॅप्टनला ते पटतं.

बूच हातात दिलं तर हुंगायची गरज नाही. चांगल्या बुचालाही बुचाचाच वास येतो. ते बघायचं असतं. वाइनचा डाग एका टोकाला असला तर ठीक. डाग कडेने वरपर्यंत चढलेला असेल तर गळती.

वासावरून निदान

*कुबट, ओल धरलेल्या भिंतीचा, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास.* पावसाळ्यात बंद राहिलेलं कपाट उघडल्यावर येतो तो. फळाचा सुगंध दबलेला आणि चव पोकळ. हा बुचाचा दोष. त्यामागचं रसायन २,४,६-ट्रायक्लोरोॲनिसोल, थोडक्यात टीसीए. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये हान्स टॅनर आणि सहकाऱ्यांनी ते ओळखलं. क्लोरीन असलेल्या फिनॉलवर बुरशीने काम केलं की ते तयार होतं. माणसाच्या नाकाला लिटरमागे दोन ते पाच नॅनोग्रॅम एवढंसंही पुरतं. आरोग्याला त्याने काही होत नाही, वाइनची मजा मात्र पुरती जाते.

गंमत अशी की टीसीए स्वतःचा वास देतो त्यापेक्षा जास्त, बाकीचे वास घेण्याची नाकाची क्षमताच दाबतो. ओसाका विद्यापीठाच्या २०१३ च्या संशोधनात हे दाखवलं गेलं. म्हणूनच सौम्य दोष असलेली बाटली 'खराब' वाटत नाही, नुसती 'बेचव' वाटते. ओळखीची वाइन आज सपाट का लागतेय असं वाटलं तर हा संशय धरावा. खात्रीची खूण एकच: दहा मिनिटं ग्लासात ठेवा. कुबटपणा कमी होत नाही, वाढतो. हवा देऊन, डिकँट करून (दुसऱ्या मोठ्या भांड्यात ओतून) हा दोष जात नाही. पॉलिथिनचा तुकडा वाइनमध्ये बुडवून ठेवायचा उपाय सांगतात. पॉलिथिन टीसीए थोडा शोषतं हे खरं, पण सोबत सुगंधही शोषतं. पैसे देऊन मागवलेल्या बाटलीवर हा प्रयोग कशाला? उपाय: त्याच वाइनची दुसरी बाटली, नव्या ग्लासात.

स्क्रू कॅप असूनही हा वास आला तर चक्रावू नका. वायनरीतली पिंपं, लाकूड किंवा तळघर दूषित असेल तर टीसीए टाकीतच शिरतो. क्वचित घडतं, पण घडलं तर सगळी खेप तशी असते. अशा वेळी दुसरी वाइन घ्या.

*शिजलेला, मुरंब्यासारखा वास. फळ आहे, पण ताजं नाही.* रेडमध्ये मनुका, काकवी, उकळलेल्या जांभळाच्या रसाची आठवण होते. पांढरीत मध आणि सुक्या मेव्याचा भास होतो, आंबटपणाची धार बोथट झालेली असते. रंगही बोलतो. पांढरी गडद सोनेरी किंवा तपकिरीकडे झुकलेली, रेडच्या कडेला विटकरी छटा. ही उष्णतेची कामगिरी. सोबत कापून ठेवलेल्या सफरचंदाचा किंवा खवट अक्रोडाचा वास असेल तर हवाही लागली आहे. अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड झालं की तो वास येतो. शेरीसारख्या काही वाइनमध्ये तो मुद्दाम आणलेला असतो, गेल्या वर्षीच्या शेनिनमध्ये नव्हे.

हा दोष पकडायला अवघड, कारण वास 'घाण' नसतो. ज्याने ती वाइन आधी नीट प्यायलेली नाही त्याला ती गोडसर आणि बरीच वाटू शकते. भरवशाची खूण शेवटी मिळते: गिळल्यावर फळाची चव लगेच तुटते आणि मागे कडवट, सपाट काहीतरी उरतं. उपाय: त्याच वाइनची दुसरी बाटली नको. त्याच फळीवरची दुसरीही नको. फ्रीजमध्ये किंवा वाइनच्या थंड कपाटात ठेवलेली वेगळी वाइन मागा. बहुतेक ठिकाणी पांढरी, रोझे आणि स्पार्कलिंग (फेसाळती वाइन) आधीच फ्रीजमध्ये असतात. शंका असलेल्या जागी त्यातलीच एखादी सुरक्षित.

*सडकी अंडी, जळकं रबर, विझलेली काडेपेटी, लसूण.* वास वाईट, पण घाबरायचं कारण सर्वांत कमी. हे गंधकाचे संयुग, हवा न मिळाल्यामुळे साठलेले. स्क्रू कॅपखाली ते जास्त भेटतात, कारण ती हवा फारशी आत जाऊ देत नाही. उपाय: ग्लास अर्धा मिनिट जोरात फिरवा, दहा मिनिटं थांबा, किंवा डिकँटर मागा आणि त्यात वाइन उंचावरून ओतायला सांगा. काडेपेटीचा वास बहुधा उडून जातो. अंड्याचाही बराच कमी होतो. पंधरा-वीस मिनिटांनीही रबर आणि लसूण तसेच राहिले तर ते पक्के बसलेत, बाटली परत करा. कुबट दोषाशी घोळ होत असेल तर वेळच निवाडा करते: हवेने कमी झालं तर गंधक, वाढलं तर टीसीए.

यावर तांब्याचं नाणं टाकायचा सल्ला फिरत असतो. शास्त्र चुकीचं नाही, तांबं गंधकाला धरतं. पण आंबट द्रवात तांबं विरघळतंही, म्हणून तर घरात तांब्याच्या भांड्यात ताक ठेवत नाहीत. शिवाय आपला आजचा रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे, तो टाकून वाइन फक्त अस्वच्छ होईल.

*शिरका किंवा नेलपेंट काढायच्या रिमूव्हरचा वास.* ॲसेटिक आम्ल आणि इथाइल ॲसिटेट. जिवाणूंना हवा मिळाली की हे होतं. थोडं प्रत्येक वाइनमध्ये असतंच. युरोपीय संघाची सर्वसाधारण मर्यादा रेडसाठी लिटरला १.२ ग्रॅम आणि पांढरीसाठी १.०८ ग्रॅम आहे. ते टेबलावर मोजता येत नाही. नाकाला झोंबलं आणि घोट घशाला लागला तर परत करा. बंद बाटलीपेक्षा ग्लासवारी विकलेल्या वाइनमध्ये हा दोष जास्त.

*साध्या वाइनला फेस, जिभेला चुणचुण.* कोवळ्या पांढऱ्या वाइनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड मुद्दाम राखतात. ग्लास फिरवला की तो जातो. चुणचुण राहिली, वाइन गढूळ दिसली आणि यीस्टचा वास आला, तर उरलेल्या साखरेवर बाटलीतच पुन्हा आंबणं सुरू झालं आहे. परत करा.

*तबेला, घोड्याचं खोगीर, बँड-एड.* ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट. इथे मतभेद आहेत. काही जुन्या पद्धतीच्या फ्रेंच रेडमध्ये हलकासा तबेला आवडणारे लोक आहेत आणि रेस्टॉरंट ती वाइनची शैली म्हणू शकतं. वासाखाली फळ शिल्लक असेल तर भांडू नये. फक्त बँड-एडच उरला असेल तर तो दोषच.

*उकडलेल्या कोबीचा वास, विशेषतः पारदर्शक बाटलीतल्या रोझे किंवा स्पार्कलिंगला.* प्रकाशाने बिघडलेली. ट्यूबलाइटखाली किंवा दिव्याच्या फळीवर ठेवलेल्या पारदर्शक बाटलीला हे व्हायला फार दिवस लागत नाहीत. हिरवी किंवा तपकिरी बाटली जास्त टिकते. पर्याय मागताना गडद काचेची, फ्रीजमधली मागा.

स्पार्कलिंगबाबत आणखी एक: बूच काढताना दाबाचा काहीच आवाज आला नाही आणि ग्लासात बुडबुड्यांची धार दिसत नाही, तर गॅस गेलेला आहे. मात्र ग्लास अतिस्वच्छ असला किंवा साबणाचा अंश राहिला तरी बुडबुडे कमी दिसतात. ठरवायच्या आधी जिभेवर चुणचुण आहे का ते बघा.

*गिळल्यावर पंधरा सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास तोंडात येतो.* ग्लास हुंगून हा कळत नाही. लाळेने आंबटपणा कमी झाला की तो सुटतो. सल्फर न घालता केलेल्या, 'नॅचरल' म्हणवणाऱ्या वाइनमध्ये भेटतो. काहींना तो जाणवतच नाही. टेबलावर एकाला वास येतो आणि दुसऱ्याला नाही, यात कोणीच खोटं बोलत नसतं.

हे दोष नव्हेत

बुचाला किंवा तळाशी साखरेच्या कणांसारखे चकचकीत खडे दिसले की लोक काच समजून घाबरतात. ते टार्टारिक आम्लाचे क्षार, वाइन गार झाली की बसतात. खात्री हवी असेल तर दोन-चार कण चमच्यात घेऊन वर गरम पाणी घाला. क्षार विरघळतात, काच विरघळत नाही. जुन्या रेडमधला गाळ, ग्लासात पडलेले बुचाचे तुकडे, बुचाच्या बाहेरच्या टोकावरची बुरशी, पावसाळ्यात ओल लागून कुजलेलं लेबल, यातल्या कशानेही वाइन बिघडत नाही. तुकडे गाळून घ्यायला सांगा.

"फार तुरट आहे", "फार आंबट आहे", "वाटली तशी नाही" हेही दोष नव्हेत, निवड चुकली एवढंच. चांगली रेस्टॉरंट तरीही बदलून देतात, पण तो त्यांचा मोठेपणा, आपला हक्क नव्हे. 'बिघडली' असं खोटं सांगून बदलून घेणं तर अजिबात नको, समोरच्याने वास घेतला की उघडं पडतं.

कोमट रेड हाही वाइनचा दोष नव्हे, वाढण्याचा आहे. २८ अंशांवर अल्कोहोल नाकात घुसतं आणि चांगली वाइनही जड वाटते. बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि बाटली मानेपर्यंत, असं १०-१५ मिनिटं ठेवा. नुसता बर्फ नको. पाण्याशिवाय तो बाटलीला जेमतेम टेकतो आणि वेळ दुप्पट लागतो. १६-१८ अंशांच्या आसपास आली की परत चव बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

सांगायचं कसं

वेटरला नाही, कॅप्टनला किंवा सोमेलिए (वाइनचा जाणकार वाढपी) असेल तर त्याला बोलवा. वेटरच्या हातात बाटली रद्द करण्याचा अधिकार नसतो. आवाज न चढवता: "अहो, जरा वास घेऊन बघता का? याला ओल आल्यासारखा कुबट वास येतोय. बुचाचा दोष वाटतो." मुंबईत हेच हिंदीत बोललं जाईल, हरकत नाही. महत्त्वाचं म्हणजे वासाचं नाव घ्या आणि समोरच्याला स्वच्छ ग्लासात थोडी ओतून द्या. "खराब आहे" यावर वाद होतो, "भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय" यावर फारसा होत नाही.

तो "मला तर ठीक वाटते" म्हणाला तर तुलना मागा. "त्याच वाइनची दुसरी उघडा. तीही अशीच लागली तर ती वाइनच तशी आहे, मी घेईन." बुचाच्या दोषात हा प्रस्ताव कॅप्टनलाही परवडतो, कारण शेजारी ठेवलेल्या दोन ग्लासांत फरक कोणालाही कळतो. पहिली बाटली आणि तिचा ग्लास तोवर टेबलावरच राहू द्या. उष्णतेचा संशय असेल तर मात्र हा प्रस्ताव देऊ नका, दुसरीही तशीच निघेल आणि तुम्ही शब्दात अडकाल. तिथे सरळ "ही शिजलेली आहे, दुसरं काहीतरी थंड ठेवलेलं द्या" म्हणा.

समोरचा का कचरतो हेही ठाऊक असावं. परमिट रूममध्ये बाटल्यांचा हिशेब रजिस्टरला जुळवावा लागतो, आणि उघडलेली बाटली रद्द करायला मॅनेजरची सही लागते. पुरवठादाराकडून बदलून मागायची असेल तर बाटली जवळजवळ भरलेली आणि बूच सोबत असलेलं बरं. त्यामुळे दोन घोटांत परत केलेली बाटली आणि पाव उरलेली बाटली, यांत त्यांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक.

चार-सहा जणांच्या टेबलावर आणखी एक सापळा असतो. दुसरी बाटली आली की वेटर सवयीने अर्धवट भरलेल्या ग्लासांतच ती ओतू लागतो. थांबवा. प्रत्येक नव्या बाटलीची चव नव्या ग्लासात आधी बघायची. दोष असलेल्या बाटलीने सहा चांगले ग्लास बिघडले की मग कुठल्या बाटलीत काय होतं हे कोणीच सांगू शकत नाही.

बिल आल्यावर बार ऑर्डर तपासा. परत केलेली बाटली रद्द न होता दोनदा लागल्याचं बरेचदा आढळतं. मद्यावर व्हॅट आणि जेवणावर जीएसटी असा हिशेब वेगळा असतो, म्हणून व्हॅटची रक्कम एकाच बाटलीवर लागली आहे ना तेही बघा.

ग्लासवारी घेताना

७५० मिलीलिटरच्या बाटलीतून १५० चे पाच ग्लास निघतात. दिवसाला दोनच ग्लास खपणाऱ्या ठिकाणी पाचवा ग्लास तिसऱ्या दिवशी तुमच्यासमोर येतो. फ्रीजमध्ये झाकून ठेवलेली साधी वाइन दोन-तीन दिवस बरी राहते, बारच्या ओट्यावर उघडी ठेवलेली एक दिवसही नाही. "ही कधी उघडली?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. उत्तर गुळमुळीत आलं तर "नवीन बाटली उघडणार असाल तरच द्या." आर्गन वायू सोडून सुईने वाइन काढायचं यंत्र असेल तर बाटली आठवडे टिकते, पण यंत्र फळीवर दिसणं आणि ते वापरलं जाणं या वेगळ्या गोष्टी.

ऐकलंच नाही तर

बाटलीचा, लेबलाचा, लॉट क्रमांकाचा आणि उरलेल्या पातळीचा फोटो काढा, बूच आणि बिल जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सदोष वस्तूला लागू होतो आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीत चवीची वर्णनं कमी आणि घटनाक्रम जास्त लिहा: किती वाजता उघडली, किती प्यायली, कोणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही असे जुलै २०२२ चे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे निर्देश आहेत. तो काढायला सांगणं हा अशा संध्याकाळी निदान हाताशी असलेला उपाय. सील फुटलेलं किंवा भेसळीचा संशय असेल तर प्रकरण वेगळं, तिथे अन्न व औषध प्रशासनाकडे जावं.

कॉर्केज (बाहेरची बाटली उघडून वाढण्याचं शुल्क) भरून स्वतःची बाटली नेली असेल तर रेस्टॉरंटचा संबंध नाही. ती बूच आणि बिलासह दुकानात परत न्यावी. पण वाइन शॉपच्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली घेतली असेल तर दोष कुठे शिरला हे सांगायला नको.

तीच तक्रार वारंवार येत असेल तर, रेस्टॉरंटसाठी

शोभेच्या फळीवर रिकाम्या बाटल्या ठेवा, विकायच्या नव्हेत. साठा १२ ते १६ अंशांत हवा, आणि रात्री एसी बंद झाल्यावरही हवा. खोलीत कमाल-किमान तापमान नोंदवणारा साधा थर्मामीटर टांगला तर दुपारी चार आणि पहाटे चारचा फरक लगेच दिसेल. बुचाच्या बाटल्या आडव्या, स्क्रू कॅपच्या उभ्या चालतात. ग्लास लाकडी कपाटात उपडे ठेवू नका. उघडलेल्या प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख आणि वेळ लिहा.

माल उतरवताना प्रत्येक पेटीतली एक बाटली हाताने तपासा, कोमट लागली तर टेम्पोवाल्यासमोरच नोंद करा. एकाच लॉटच्या दोन बाटल्या आठवड्यात परत आल्या तर ती पेटी बाजूला काढा, एक बाटली उघडून कॅप्टनपासून वेटरपर्यंत सगळ्यांना वास द्या, आणि उरलेल्या बंद असतानाच पुरवठादाराला फोन करा.